घोंगडीखालचे बूट

पूनमचे बूट मी लपवले, हे खरं आहे. निळे बूट, खाली जाड पांढरं रबर, नाड्या केशरी. इतके भडक बूट बाईमाणसानं घालावेत का, हा प्रश्न वेगळा. मी ते रंगासाठी लपवले नाहीत. माझ्या ट्रंकेत आमच्या मालकांच्या घोंगडीखाली ठेवले, कुलूप घातलं, किल्ली पदराला बांधली. सकाळी साडेपाचला ती घरभर बूट शोधत फिरत होती तेव्हा मी ओट्यापाशी पाटावर बसून चहा पीत होते.

"आत्या, माझे बूट बघितले का?"

"तुझ्या पायात न्हाईत तर मला काय ठावं. कुत्र्यानं नेलं असतील."

"दोन्ही?"

"हुशार कुत्रं असंल."

तिनं एकदा माझ्याकडं बघून घेतलं. मग चपला घालून गेली. चपलांवर पळता येत नाही, असा माझा हिशोब. तासाभरानं आली तेव्हा चपला हातात होत्या आणि तळपायांना खडे रुतून रक्त आलेलं. तलावाभोवती अनवाणी पळून आली होती. मी तिला पायावर घालायला हळद दिली, बूट दिले नाहीत. आता देणार कसे? द्यायचे तर लपवले होते हे सांगावं लागलं असतं, आणि मी माझ्या सुनेपुढं असं कधी सांगितलेलं नाही.

मी राजाबाई. आमचा मूळ मुलूख मंगळवेढ्याकडचा, आम्ही मेंढरंवाले. तिसरी शिकले, चौथीला मास्तरनं मारलं म्हणून बापानं शाळा सोडवली आणि कळपामागं लावलं. अक्षर मला लिहिता येतं, पण माझी खरी विद्या वेगळी. मेंढी गाभण आहे की नाही हे मी तिच्या चालीवरून सांगते. मालकांनी, बिरप्पांनी, पैजा लावून बघितल्या, एकदाही हरले नाही. ते गेल्यावर कळप माझा धाकटा दीर तिप्पण्णा सांभाळतो. मी माझ्या एकुलत्या एका पोराकडं, सिद्धरामकडं, जुळे सोलापुरात आले. त्याचा स्वतःचा मालाचा टेम्पो आहे. मार्केट यार्डातून कांदा भरायचा, लातूरला नाहीतर पुण्याला टाकायचा. चार वर्षांमागं त्याचं लग्न केलं. पूनम माळशिरसकडची. कॉलेजात पळण्याच्या शर्यतीत पहिली यायची, पोलीस भरती दोन मार्कांनी हुकली आणि आमच्या घरी आली.

चार वर्षं म्हणजे चार वर्षं. मोजायला शाळा लागत नाही. गल्लीतल्या बायकांनी आधी विचारलं, मग विचारायचं सोडलं. सोडलं तेव्हा मला जास्त लागलं.

पूनमची पाळी वेळेवर येत नव्हती. लग्नानंतर अंग सुटलं होतं. सात रस्त्याकडच्या एका बाई डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सांगितलं, पाच-सहा किलो वजन कमी करा, रोज अर्धा तास भरभर चाला, हलका व्यायाम करा, वेळेवर जेवा. मला हे घरी येऊन पूनमनंच सांगितलं. तेव्हा मी म्हटलं, ठीक आहे, चाल.

पण ही चालणारी पोरगी नव्हे. तिला अर्धा तास म्हटलं की ती एक तास ऐकते, आणि चाला म्हटलं की पळा. पहाटे कंबर तलावाला फेऱ्या, संध्याकाळी गच्चीवर दोरीच्या उड्या. हजार मोजायची. खाली माझ्या डोक्यावर धप धप धप. रात्रीची भाकरी तिनं सोडली, दुपारची अर्धी केली. दोन महिन्यांत गालफडं बसली. मी डिंकाचे लाडू केले, तर एक कुरतडून डबा फडताळात ठेवून दिला.

आमच्यात एडका, म्हणजे नर मेंढा, कळपात सोडायच्या आधी महिनाभर मेंढ्या लांब चारायला नेत नाहीत. जवळपास फिरवायच्या, बाभळीच्या शेंगा घालायच्या, अंग धरू द्यायचं. पळवलेली मेंढी राहत नाही, गाभण होत नाही. हे मला माहीत होतं, म्हणून बूट लपवले. आणखीही एक कारण होतं. ते मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, सिद्धरामच्या बापालासुद्धा नाही.

चैत्रात एके दिवशी पूनमनं देवापुढं दिवा लावला नाही. न्हाणीतून आली ती सरळ आपल्या खोलीत गेली. मला कळायचं ते कळलं. त्या खेपेला आठ दिवस वर गेले होते. मी मनातल्या मनात दिवस मोजत होते, एकेक दिवस हातातल्या बांगडीसारखा जपत होते. दुपारी तिप्पण्णाचा फोन आला. तो दर आठवड्याला करतो, मेंढरांचं सांगतो, माझं ऐकतो.

"काय वैनी, काय खबर हाय?"

"कसली खबर. ह्या खेपेला बी उलटली."

ज्यांनी जनावर पाळलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जनावर फळवलं आणि ते राहिलं नाही, पुन्हा माजावर आलं, की आम्ही म्हणतो उलटलं. आमच्या तोंडी हा शब्द रोजचा. वाईट काही नाही त्यात.

तिप्पण्णानं आवाज खाली आणला. मग म्हणाला, "वैनी, राग मानू नगा. एडका कसा हाय?"

"तिप्पण्णा, माझ्या पोराचं नाव काढू नगंस. तुज्यापेक्षा छाती दोन बोटं जादा हाय त्येची."

"छातीचं कुटं इचारलं मी."

"ठेव फोन."

मी फोन ठेवला आणि वळले. दारात पूनम उभी होती. हातात धुण्याची बादली. किती वेळ उभी होती कोण जाणे. शेतकऱ्याची लेक ती, घरी गाई-म्हशी होत्या. शब्दाचा अर्थ तिला मी सांगायची गरज नव्हती. तिचं तोंड पांढरं झालं होतं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "निरमा संपलाय बघ."

"आणते," ती म्हणाली आणि बादली घेऊन वर गेली.

त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातून कापडाचे स्वस्तातले बूट घेऊन आली, तळ पुठ्ठ्यासारखा पातळ. मी बघितलं, तरी ट्रंकेचं कुलूप काढलं नाही. पुढचे आठ-दहा दिवस ती माझ्याशी नीटच बोलत होती. आत्या चहा घ्या, आत्या गोळी घेतली का. त्या नीट बोलण्याची मला धास्ती वाटायला लागली. भांडली असती तर भांडता तरी आलं असतं. पहाटे साडेपाचला जाणारी साडेचारला जायला लागली, परत यायला साडेसात व्हायचे, आणि सोलापूरचं चैत्रातलं ऊन साडेसातलाच पाठ सोलतं.

सिद्धरामला मी म्हटलं, "आरं तुजी बायकू तलावाला फेऱ्या मारून मारून झिजाय लागली. बोल की तिला काईतरी."

तो जेवत होता. शेंगाचटणीवर तेल ओतत म्हणाला, "डॉक्टरनं सांगितलंय, करू दे. तू कशाला मधी पडतीस?"

"तुला काय सांगितलंय डॉक्टरनं?"

"मला काय सांगणार? मी आजारी हाय का?" एवढं बोलून तो उठला, तंबाखूचा मावा तोंडात टाकला आणि टेम्पो धुवायला गेला. आमच्या सिद्धरामचं पोट त्याच्या आधी दारातून बाहेर पडतं, हे मला तेव्हा दिसलं नाही असं नाही. आईला सगळं दिसतं. बघायचं नसतं एवढंच.

अक्षय तृतीयेच्या दोन दिवस आधी, सकाळी आठला माझा फोन वाजला. नंबर पूनमचा, आवाज परक्या माणसाचा.

"तुमच्या सूनबाई हितं तलावापाशी पडल्यात. शुद्धीवर हायत, घाबरू नका. पण कुणीतरी या."

सिद्धराम लातूरला माल घेऊन गेलेला. मी तशीच निघाले, पायात एक चप्पल माझी आणि एक त्याची. रिक्षावाल्याला म्हटलं, कंबर तलाव, आणि हळू हाकलीस तर पैसे देणार न्हाई. मला तलाव दिसत नव्हता. मला दिसत होता जतच्या पुढचा माळ, आणि त्या माळावर बसलेली एकोणीस वर्षांची पोरगी.

पूनम कट्ट्यावर बसली होती. कुणीतरी डोक्यावर पाणी मारलेलं, केस ओले. गुडघा फुटला होता. एक म्हातारा टोपीनं वारा घालत होता. मी तिच्यापुढं गेले, तर तिनं मान वर केली आणि म्हणाली,

"आत्या, मी उलटले न्हाई. पडले."

आयुष्यात मला कुणी गप्प केलेलं नाही. सासूनं नाही, नवऱ्यानं नाही. तिथं मी गप्प झाले. पदरानं तिचा गुडघा पुसला. पुसायचा सोडून धरूनच बसले.

तिला रिक्षात घालून सरळ सात रस्त्याला नेलं. डॉक्टरबाई तरुणच, चष्मा लावलेली, बोलायला मऊ पण सोडत नाही अशातली. पूनमला सलाईन लावली, रक्त घेतलं, वजन केलं. वजन बघून चष्मा काढला.

"पूनम, मी तुला सहा किलो सांगितले होते. तू तेरा कमी केलेस. किती पळतेस?"

"दहा फेऱ्या."

"आणि खातेस काय?"

पूनमनं सलाईनकडं तोंड फिरवलं. म्हणून मी बोलले. "सकाळी काळा चहा, दुपारी अर्धी भाकरी, रात्री हवा."

डॉक्टरबाई माझ्याकडं वळल्या. "आजी, तुम्ही तरी—"

"आजी म्हणू नगा," मी म्हटलं. "झाले की म्हणा."

त्यांनी मान हलवली. मग खुर्ची पलंगाजवळ ओढून पूनमला सांगायला लागल्या. व्यायाम चांगला, तो हवाच. पण अर्धा तास, पाऊण तास, बोलता बोलता करता येईल इतका. इतकं पळायचं आणि खायचं नाही, तर शरीराला वाटतं दुष्काळ पडलाय. दुष्काळात शरीर मूल धरत नाही. पाळी लांबली ती त्यामुळंच लांबली.

हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. दुष्काळाच्या साली आमच्या कळपात अर्ध्या मेंढ्या राहिल्याच नव्हत्या. मी मनात म्हटलं, बघा, मी बरोबर होते. म्हणून मोठ्यानं म्हणाले, "म्हंजी पळणं वाईटच की."

"पळणं वाईट नाही, मावशी. उपाशी पळणं वाईट. आणि घाबरून पळणं." त्या फाइल चाळत होत्या. चाळता चाळता थांबल्या. "पूनम, मिस्टरांची तपासणी झाली का?"

पूनम छताकडं बघत राहिली.

"मी तीनदा चिठ्ठी दिलीय. जानेवारीत, फेब्रुवारीत, मार्चमध्ये. आणली का?"

"त्यांना येळ नसतोय," पूनम म्हणाली. आवाज इतका बारीक की सलाईनच्या थेंबाखाली झाकला असता.

मी त्या फाइलकडं बघितलं. वाचायला येतं मला, जरा वेळ लागतो एवढंच. तीन चिठ्ठ्यांच्या तीन नकला, तिन्हीवर माझ्या पोराचं नाव. ह्या पोरीनं तीन महिने हे एकटीनं गिळलं होतं, आणि मी तिला डिंकाचे लाडू घालत होते आणि तिचे बूट लपवत होते.

तिप्पण्णाचा आवाज कानात आला. एडका कसा हाय. आमच्यात साधा नियम आहे. दहातली एक मेंढी उलटली तर मेंढीत बघायचं, दहाच्या दहा उलटल्या तर एडक्यात. पण घरात मेंढी एकच. मग कळायचं कशावरून? दोन्हीकडं बघितल्याशिवाय कळत नाही. चाळीस वर्षं कळप राखलेल्या बाईला हे सुचलं नाही, कारण एडका तिच्या पोटचा होता.

पूनमचा डोळा लागला तशी मी डॉक्टरबाईंच्या टेबलापाशी गेले. उभीच राहिले.

"एक इचारू का? आमच्या गावाकडं एक बाई हुती. पाचवा महिना हुता तिला. मेंढरांमागं चालून चालून पोट पडलं तिचं. चालल्यानं असं हुतं का?"

त्यांनी लिहायचं थांबवलं. "नुसतं चालल्यानं नाही होत, मावशी. पाचव्या महिन्यात असं होतं ते बहुतेक आतलं काहीतरी असतं. पिशवीचं तोंड नाजूक असतं, किंवा ताप येऊन गेलेला असतो, किंवा बाळातच काही कमी असतं. ताप होता का त्या बाईला?"

"थंडी वाजून ताप यायचा. आठ दिस."

"मग तसंच काही असेल. चालणं नसावं. रोजची सवय होती ना तिला चालायची?"

"जल्मापासनं."

"मग तिचा दोष नाही त्यात."

मी बरं म्हटलं आणि बाहेर येऊन बाकावर बसले. जतच्या पुढच्या माळावर माझ्या सासूनं मला एवढंच म्हटलं होतं: नीट चालायचं कळत न्हाई तुला. मग कळप पुढं गेला आणि मीही गेले. सदतीस वर्षं ते वाक्य मी पोटात घेऊन हिंडले. सिद्धरामच्या वेळी नऊ महिने जीव मुठीत धरला. आणि सून पळायला लागली तेव्हा तेच वाक्य मी तिच्या वाटेत आडवं घातलं. ट्रंक माझी, बूट तिचे. बाकावर समोरून एक पोटुशी बाई आली, मी सरकून तिला जागा दिली. डोळे पुसलेले कुणाला दिसले नाहीत.

सिद्धराम दुसऱ्या दिवशी दुपारी आला. पूनम आत झोपली होती. मी त्याला ताट वाढलं, दोन भाकरी, डाळ, भजी नाहीत.

"भजी?"

"भजी बंद. आधी सांग, चिठ्ठ्या कुटं हायत?"

"कसल्या चिठ्ठ्या?"

"सिदा, मी तुजी आई हाय. टेम्पोच्या कप्प्यात हायत का फाडल्यास?"

त्यानं भाकरीचा तुकडा डाळीत बुडवला. "आई, ह्या बायकांच्या गोष्टीत तू मला—"

"बायकांच्या? बायकू एकटीच पोर काढती व्हय? तुज्या बापानं कंदी एडका बघितल्याबगर कळपात सोडला न्हाई. खाली हात घालून बघायचा. ढिला हाय का घट्ट, तापलाय का थंड. एडक्यानं कधी तोंड वाकडं केलं न्हाई."

"आई, जेवू दे की."

"जेव. जेवता जेवता ऐक. फाल्गुन लागला की तुजा बाप एडक्याची लोकर कातरायचा आणि त्येला लिंबाखाली बांधायचा. का? तापलेला एडका कामाचा न्हाई. आणि लठ्ठ एडका त्याहून न्हाई. म्हणून त्येला रोज सांजच्याला फिरवून आणायचा. आणि तू? सकाळपासनं त्या टेम्पोत बसतोस, इंजिन सिटाखाली. तोंडात मावा. पोट स्टेरिंगला टेकतंय. आणि पळतीया कोण? ती."

त्याच्या हातातला घास तसाच राहिला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "आणि माझ्यातच निघालं तर?"

तेव्हा मला कळलं की तो वेळ नाही म्हणून थांबला नव्हता. तोही घाबरला होता. हे घरच घाबरलेल्यांचं. तिघं तीन खोल्यांत बसून घाबरत होतो.

"निघालं तर निघालं," मी म्हटलं. "एडका कुणी कापत न्हाई त्यासाठी. औषिद करत्यात."

माझा आवाज जितका ठाम होता तितकी मी आतून नव्हते.

तपासणीला तो गेला, मीही गेले. बाहेर उभी राहिले, नाहीतर पाठीमागच्या दारानं निघून गेला असता. दोन दिवसांनी कागद आला. जंतू कमी होते आणि होते ते सुस्त. डॉक्टरबाईंनी सांगितलं, वाईट नाही, सुधारेल. मावा बंद, वजन कमी, रोज चाला, गाडी तासा-तासानं थांबवून खाली उतरा. नवीन जंतू तयार व्हायला तीन महिने लागतात, तोवर धीर धरा. सिद्धराम कागद घडी घालून खिशात ठेवत होता, तर पूनमनं त्याच्या हातातून घेतला आणि आपल्या फाइलीत लावला. दोघांचे कागद एका फाइलीत. पूनम त्या रात्री दोन भाकरी जेवली.

ते तीन महिने कसे गेले ते माझं मला माहीत. मी रोज सकाळी सिद्धरामला हाक मारून उठवायची. दोघं तलावाला जायची. पंधरा दिवस विश्रांती झाल्यावर पूनमला चालायची मोकळीक मिळाली होती, चार फेऱ्या, पळायचं नाही. पहिल्या आठवड्यात सिद्धराम दीड फेरीत कट्ट्यावर बसायचा आणि ती त्याच्यासाठी थांबायची. घरी येऊन चिडवायची, "आत्या, तुमच्या पोराला मुंगी मागं टाकून गेली." तो म्हणायचा, "मुंगीला टेम्पो चालवायचा नसतो." मावा सुटायला महिना गेला. त्या महिन्यात तो घरातल्या भांड्यांशीसुद्धा भांडला. मी सहन केलं, आणि मी सहन करते ही काही रोजची गोष्ट नाही.

बूट मात्र ट्रंकेतच राहिले. ते कापडी बूट झिजले, अंगठ्यापाशी भोक पडलं, तरी राहिले. रोज रात्री ठरवायची, उद्या देते. रोज सकाळी किल्ली पदराला तशीच. शेवटी द्यायचे म्हणजे सांगायचं, आणि सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं? बुटांवरून सुरू केलं असतं तर जतच्या माळापर्यंत गेले असते.

श्रावणात पूनमनं दिवा लावायचा चुकवला नाही. तारीख होऊन गेली. एक दिवस, तीन, पाच. मी बोलत नव्हते, ती बोलत नव्हती, सिद्धराम टेम्पोचा हॉर्नसुद्धा हळू वाजवत होता. नवव्या दिवशी तिनं दुकानातून ती पट्टी आणली. न्हाणीतून आली आणि माझ्यापुढं धरली. एक रेघ ठळक. दुसरी असली तर होती. मी खिडकीत नेऊन बघितली, चष्मा लावून बघितली, चष्मा काढून बघितली.

"आत्या, लई फिकट हाय," ती म्हणाली.

"फिकट म्हंजी?"

"म्हंजी असंल. डॉक्टरनी आधीच सांगितलंय, फिकट आली तर आठ दिवसांनी या, रक्त तपासू. तोवर काही ठरवू नका."

आठ दिवस. त्या दुपारी तिप्पण्णाचा फोन.

"काय वैनी, राहिली का उलटली?"

"माणसाला तसं म्हणत न्हाईत," मी म्हटलं. "मेंढरांचं सांग."

त्यानं मेंढरांचं सांगितलं. मी एक अक्षर ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तर दाराशी खुडबुड. पूनम खाली बसून ते फाटके कापडी बूट घालत होती. सिद्धराम दारात उभा. बाहेर रात्रभर पावसाची बुरंगाट पडून गेलेली, तलावाच्या फरशीवर शेवाळ असणार.

"आज कुटं निघालीस?"

"चालाय. डॉक्टरना विचारलंय आत्या. हळू चाला म्हणाल्या, चाललेलं चांगलं."

"आजच्या दिस ऱ्हाऊ दे."

"आज ऱ्हाऊ दिलं तर उद्या पण भ्या वाटंल," ती म्हणाली. हे ती मला सांगत होती की स्वतःला, कळलं नाही. नाडी तिनं दोनदा सोडून पुन्हा बांधली. तिलाही भीती वाटत होती आणि तरी ती निघाली होती.

माझ्या जिभेवर दहा वाक्यं आली. त्यातलं एक माझ्या सासूचं होतं. ते मी गिळलं. आत गेले, ट्रंकेचं कुलूप काढलं, घोंगडी बाजूला केली आणि बूट आणून तिच्यापुढं ठेवले.

ती बुटांकडं बघत राहिली. मग माझ्याकडं.

"कुत्र्यानं आणून टाकलं," मी म्हटलं.

पूनमनं एक बूट उचलून नाकाजवळ नेला. "कुत्र्याला मामांच्या घोंगडीचा वास येतोय, आत्या."

सिद्धराम तोंड फिरवून खोकला. मी म्हटलं, "घाल आता. त्या फाटक्यावरनं घसरलीस तर मला सांगू नगंस. आणि थांब, मी बी येते."

"तुमचे गुडघे?"

"गुडघे माझे हायत."

तलावावर धुकट उजेड होता. सिद्धराम पुढं, हात हलवत, आता धाप कमी लागते त्याला. मध्ये पूनम. मी मागं, चार पावलं सोडून. ती अगदी हळू चालत होती, जपून, फरशी बघून पाऊल टाकत. केशरी नाड्या पुढं पुढं जात होत्या आणि मी त्यांच्यावरून नजर काढत नव्हते. आजवर मी किती चाली बघितल्या, पैजा जिंकल्या. डाव्या अंगावर जड पडते का, मागचा पाय लांबतो का, सगळं मला ठाऊक. अख्खी फेरी मी तिची चाल बघितली. मला काही सांगता आलं नाही.

फेरी संपली तशी ती मागं वळून म्हणाली, "अजून एक, आत्या?"

सात दिवस बाकी होते रक्त तपासायला.

"चल," मी म्हटलं.